सुक्या कपड्यांच्या जागी नारळ

किहीम

आमच्या किनाऱ्यावर थंडी पडते असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. पडते, नाही असं नाही. पहाटे येते, चहा उकळेपर्यंत थांबते आणि माडांच्या झावळ्यांत ऊन शिरलं की निघून जाते. डिसेंबरात चादर, जानेवारीत चादरीवर गोधडी, यापलीकडे आमच्या बापजाद्यांनी थंडीसाठी काही केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अशा मुलखात ‘विंटर राइड’ काढायची आणि त्यासाठी चार-चार थरांचे कपडे घेऊन निघायचं, म्हणजे माणसाला काही उद्योगच उरला नाही म्हणायचा. पण मी गेले. का गेले ते आधी सांगते, म्हणजे पुढचा सगळा वेडेपणा समजेल.

आमची केतकी बोर्ली पंचतनला असते. गेल्या वैशाखात तिने कोर्टात लग्न केलं आणि आम्हाला कळवलं ते सह्या झाल्यावर. मुलगा वाईट नाही, बाजारात विजेच्या सामानाचं दुकान आहे, घरी एक आई आहे. पण आमच्या ह्यांना न विचारता झालं ना! त्या दिवसापासून ह्यांनी तिचं नाव टाकलं. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत, नुसतं ‘विषय नको’. केतकीला दिवस गेलेत हे मी जेवताना सांगितलं, तर ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी एकदा सरळ पिशवी घेऊन एसटीला निघाले होते, तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं हो, उपाशी माणसाशी काय भांडणार? मी मुकाट्याने परत चुलीशी.

लेकीला पाचवा लागला तरी आईने तोंड पाहिलं नाही, ओटी भरली नाही, हे मला आतून खात होतं. कुणाला सांगत नव्हते, पण खात होतं. रात्री कूस बदलायला निमित्त तेवढंच.

तर सायकल. आम्ही वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्यातल्याच कुणीतरी टाकून दिलेली सायकल मी दुरुस्त करून घेतली आणि बाजाराला नेऊ लागले. पुढे अलिबागच्या बायकांच्या सायकल गटात नाव घातलं. ह्यांना त्याचं कोण कौतुक! पन्नाशी उलटलेली बायको सायकल मारते म्हणून माझे फोटो नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर. गटाने जानेवारीत माणगाव ते दिवेआगर असा फेरा ठरवला, तेव्हा माझ्या डोक्यात दिवा पेटला. दिवेआगरच्या अलीकडचं गाव बोर्लीच की! घरी मी ‘श्रीवर्धनच्या बाजूला’ एवढंच सांगितलं. हे म्हणाले, ‘जा की, जपून जा,’ आणि स्वतः चाकांत हवा भरून दिली. मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

गटाचा म्होरक्या तन्मय, खारघरचा, दाढीवाला, वयाने माझ्या केतकीएवढा. तो नवख्या बायकांना कपड्यांवर रोज व्हॉइस मेसेज पाठवायचा. ‘काकू, लेयरिंग इज एव्हरीथिंग. अंगाला लागून घाम ओढणारा कपडा, वर ऊब देणारा, त्यावर वारा अडवणारा. बट नो कॉटन. कॉटन घाम पिऊन बसतं.’ अरे वा! ज्या सुती कपड्यावर माझी आई, आजी, पणजी जगल्या, तो आता आम्हाला मारायला उठला. मी तो मेसेज ह्यांना ऐकवला आणि आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी एकत्र हसलो.

माझ्यासारखीच नवखी होती नीलिमा, अलिबागची, नवरा डॉक्टर. तिने तन्मयचा शब्द न् शब्द विकत घेतला आणि वर पदरचं घातलं. तिच्या घरी कपडे बघायला गेले तर पलंगावर प्रदर्शन. लेह-लडाखला चालेल असा आतला पोशाख. जाडजूड बोटांचे हातमोजे. बुटांवर चढवायच्या टोप्या. मानेत घालायची नळी. आणि एक काळी चड्डी, जिच्यात चक्क उशी शिवलेली. मी म्हटलं, ‘हे गं काय?’ तर म्हणे, ‘बसायला.’ म्हटलं, ‘बाई, देवाने दिलीये ती पुरत नाही का?’ ती माझ्याशी चहा होईपर्यंत बोलली नाही.

माझी तयारी सोपी. आत सुती बंडी, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती कुडता, त्यावर अलिबागला रस्त्याकडेला नेपाळी लोक दुकान मांडतात तिथला बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर तिथलाच बाह्यांचा. डोक्याला माकडटोपी. कान झाकले की थंडीचा निम्मा जोर गेला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तन्मयच्या सूचनांत शेवटी एक होतं: प्रत्येकीने सायकलच्या पिशवीत एक कोरडा जोड ठेवायचाच. मी ठेवला होता. शपथेवर सांगते, ठेवला होता.

निघायच्या आदल्या रात्री मी पिशवी पुन्हा उघडली. ओटीचे तांदूळ, सोललेला नारळ, खण, खारका, हळकुंडं, सुपारी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. सायकलची पिशवी ती केवढी! सगळं काही केल्या मावेना. लाडू काढू? नारळ काढू? लेकीच्या दारात पहिल्यांदा जायचं आणि रिकाम्या हाती? चोरओटीचा, म्हणजे तिसरा, महिना कधीच टळून गेला होता, चोरी तेवढी शिल्लक होती. मी कोरडा जोड काढून कपाटात ठेवला. इथे थंडी कुठे पडते, असं स्वतःलाच ऐकवलं आणि पिशवी बंद केली.

माणगाव

टेम्पोत सायकली, मिनीबसमध्ये बायका, असं आम्ही संध्याकाळी माणगावात उतरलो. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, महामार्गाचे खड्डे तुम्ही दुसरीकडेही वाचले असतील. मुक्काम गावाबाहेरच्या एका शेतघरात होता. भात कधीच कापून झालेलं आणि त्या ओलीवर वाल पेरलेला, शेंगांनी लगडलेला. घरधन्याने आमच्यासाठी पोपटी लावली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला. मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या वासाने शेंगा अशा शिजतात की मीठ-मिरची विसरावं.

आमच्याकडे अष्टागरातही पोपटी होते, पण आम्ही मडक्यात जास्त काही कोंबत नाही. इथे कोंबडीचे तुकडे मसाला लावून घातले होते. चांगले लागले, पण वालाचा वालपणा गेला. हे मी बोलून दाखवलं. गटात मुंबईहून आलेल्या दोघी ऐकत नव्हत्या, त्या जाळाचे व्हिडिओ काढत होत्या. एकीने मडकं फोडतानाचा क्षण चुकला म्हणून घरधन्याला विचारलं, ‘काका, परत एकदा फोडता येईल का?’ काकांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

पहाटे मात्र माणगावाने माझी खोड मोडायला सुरुवात केली. समुद्रकाठचं माणूस मी, मला वाटलं जिल्हा एकच तर थंडीही एकच. कुठली! डोंगरांच्या मधलं ते खोलगट गाव, बाहेर आले तर धुकं अंगणात येऊन बसलेलं आणि बोलताना तोंडातून वाफ. वालाच्या पानांवरून दंव टपटपत होतं. सगळ्या बायका कुडकुडत हात चोळत होत्या. तन्मय स्वतः पातळसं जाकीट घालून दातावर दात आपटत होता. आणि मी? मी दोन स्वेटरांत गरमागरम. त्या सगळ्यांकडे बघून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तन्मय जवळ आला. ‘काकू, आत्ता कसं वाटतंय?’

‘अगदी छान. तुझं तू बघ, काकडलायस.’

‘तेच सांगतोय ना. उभं राहून छान वाटतंय म्हणजे जास्त घातलंय. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पाय फिरले की आतून गरम होतं. एक स्वेटर तरी काढा.’

‘तुझ्या आईला सांगतोस का रे असं?’ मी विचारलं.

‘आई ऐकत नाही,’ तो म्हणाला.

‘शहाणी आहे,’ म्हटलं आणि माकडटोपी आणखी खाली ओढली.

पहिला थोडा रस्ता मी राणीसारखी गेले. धुक्यातून गुरं निघालेली, कुठे शेकोटी, कुठे चुलीचा धूर खाली बसलेला. एका वळणावर डोक्यावर शेंगांची पाटी घेतलेली म्हातारी थांबली आणि मला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, ‘काय गो बाय, बर्फात चाललीस काय?’ मी म्हटलं, ‘थंडी हाय ना, आजी.’ तिच्या अंगावर लुगडं आणि एक टॉवेल. ‘थंडी बसल्यावर,’ ती म्हणाली, ‘चालताना कसली थंडी?’ आणि ती गेली. सकाळी सकाळी मला दोघांनी तेच ऐकवलं, आणि दोघांवरही मी मनातल्या मनात तोंडसुख घेतलं.

घोणसे घाट

म्हसळ्याच्या आधी हा घाट लागतो. गाडीत बसून गेलात तर कळतही नाही. सायकलवर मात्र पूर्वजन्मीची पापं आठवतात. चढाला लागेपर्यंत आतली बंडी भिजली होती. अर्ध्या चढावर कुडता. मग आतला स्वेटर. माकडटोपीत डोकं शिजत होतं, पण काढायची कशी? केसांतून घाम निथळतोय आणि समोरून गार हवा, डोक्याला बाधेल ना! लहानपणापासून जे कानी-कपाळी ओरडून शिकवलंय ते घाटात एका सकाळी सुटतं होय? मी स्वेटरही काढेना. ओल्या अंगाला वारा लागला की माणूस आजारी पडतं हे पक्कं ठाऊक, म्हणून कपडे अंगावर ठेवून आणखी भिजत होते. असली अक्कल फक्त आपल्याच लोकांत सापडते. आईच्या दुधातून येते.

नीलिमाची तऱ्हा निराळी. ती लडाखी पोशाखात लाल झाली होती. हातमोज्यांनी तिला ब्रेक धरता येईना, खडीसाखर खायची तर पुडी उघडता येईना. मानेतली नळी नाकावर गेली आणि चष्म्यावर वाफ. बिचारी मैलाच्या दगडावर बसली आणि एकेक वस्तू काढून रस्त्याकडेला रचू लागली. येणारे-जाणारे रिक्षावाले हिला विक्रेती समजून वेग कमी करत होते. एकाने तर भाव विचारला.

आम्ही दोघी सायकली ढकलत माथ्यावर पोचलो. तिथे मी कधी नव्हे ती खुश झाले, कारण आता उतार. पाय हलवायचे नाहीत, नुसतं बसायचं! ऊन अजून डोंगरापलीकडे होतं. मी सुटले आणि दुसऱ्या वळणाला मला कळलं की हा मुलगा इतके दिवस काय कोकलत होता.

सगळा घाम त्या वाऱ्यात एकदम गार पडला. छातीवर ओली गार फडकी बांधल्यासारखं झालं. पाय फिरत नव्हते, म्हणजे आतून ऊब येणं बंद. दात वाजायला लागले, बोटं ब्रेकवर वळेनात. मी कशीबशी सायकल कडेला घेतली आणि उतरले. मागून तन्मय आला. मी त्याच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत उभी राहिले.

‘काकू, कोरडा जोड काढा. ते झाडामागे जाऊन बदला, आम्ही पुढे थांबतो.’

मी पिशवीला हात लावेना. त्याला वाटलं माझी बोटं चालत नाहीत, म्हणून त्याने स्वतः माझी पिशवी उघडली. वर नारळ निघाला. त्याखाली खण. मग तांदळाची पुरचुंडी, डबा, खारका. त्याने नारळ हातात फिरवून पाहिला.

‘पूजा आहे का कुठे?’ त्याने विचारलं.

आणि मला तिथे, घाटात, हुंदका आला. इतके महिने ह्यांच्यासमोर एक टिपूस काढलं नव्हतं, आणि या दाढीवाल्या पोरासमोर, नाक वाहतंय, माकडटोपी तशीच, मी रडले. ‘माझी पोरगी आहे रे बोर्लीला,’ म्हटलं. ‘पोटुशी आहे. तिच्या बापाला ठाऊक नाही मी चालले ते. रिकाम्या हाती कशी जाऊ?’ सगळं सांगून टाकलं.

बरं, तो शहाण्यासारखं काही बोलला नाही. ‘मग टेम्पोत बसा,’ एवढंच म्हणाला. पण टेम्पो सरळ दिवेआगरच्या हॉटेलवर जाणार. तिथे मला पांघरुणात घालून, गोळी देऊन झोपवणार, नीलिमाचा नवरा फोनवर उपदेश करणार, आणि झालं, माझी बोर्ली हॉटेलच्या खिडकीतून. ‘मी चालवत जाणार,’ म्हटलं. ‘पडले तरी बोर्लीत पडेन.’

मग त्याने आपल्या पिशवीतून एक जुनं वर्तमानपत्र काढलं, घड्या घातल्या आणि म्हणाला, ‘हे छातीवर, कपड्याच्या आत घाला. वारा थांबेल. जुने सायकलवाले असंच करायचे. आणि प्लीज काकू, तो वरचा स्वेटर काढा, ओलं लोढणं आहे ते.’ मी दोन्ही केलं. झाडामागे जाऊन जमीन-जुमल्याच्या जाहिराती पोटाशी धरल्या. नीलिमाने आपली मानेतली नळी मला दिली, न बोलता. तिला मी चड्डीवरून जे बोलले होते ते तिने त्या घडीला तरी काढलं नाही. वर्तमानपत्राने वारा खरंच अडला. सगळ्या उतारभर मी कागदासारखी करकरत गेले.

बोर्ली पंचतन

म्हसळ्यानंतर ऊन आलं आणि तास-दीड तासात त्याचं उन्हाळ्यासारखं रूप झालं. सकाळी वाफ, दुपारी घामोळं. ही आमची थंडी. बोर्लीच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. सोडे, जवळा, आंबाड, सगळं मांडलेलं, आणि बायका किहीमच्या बायकांसारख्याच खणखणीत आवाजात गिऱ्हाइकाचा उद्धार करत होत्या. फरक एवढाच की आमच्याकडे पर्यटक बघून भाव फिरतात, इथे माझा अवतार बघून एकीने बसायला गोणपाट पुढे केलं.

दुकान सापडलं. गल्ल्यावर जावई. मी त्याला फोटोतच पाहिलेलं. त्याने मला फोटोत पाहिलं असलं तरी अशा अवतारात खचित नव्हे. माकडटोपी, गळ्यात नळी, छातीतून वर्तमानपत्राचं टोक बाहेर. ‘काय देऊ, मावशी?’ म्हणाला.

‘मी केतकीची आई.’

तो ताडकन उठला, नमस्काराला वाकला आणि कोपराने बल्बचा खोका खाली. दोघंही काचा गोळा करायला बसलो. असा आमचा पहिला परिचय. मोठ्या काचा तो माझ्या हातातून काढून घेत होता. मला तो तिथेच आवडला, पण लगेच दाखवायचं नसतं.

घर दुकानामागेच. केतकी दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून, पोट दिसायला लागलेलं. ‘आई?’ म्हणाली. मी तिला जवळ घ्यायला गेले आणि थांबले, कारण मी नखशिखांत ओली आणि घामट. तिनेच धरलं. छातीतला कागद कुरकुरला. ‘हे काय घातलंयस?’ म्हणून ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग मीही. लेकीला धरल्यावर कळलं की मी किती महिने श्वास धरून होते.

मागून विहीणबाई आल्या. काटकुळ्या, डोळे बारीक, कमरेला पदर खोचलेला. लग्न आम्ही लावून दिलं नाही, मानपान नाही, भेट नाही, त्यांना एक फोनसुद्धा नाही. मनात म्हटलं, आता ऐकून घ्यायची तयारी ठेव. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘आधी न्हाऊन घ्या,’ म्हणाल्या. ‘बोलायचं काय ते सुक्या अंगाने बोलू. कपडे हायत ना?’

‘नाहीत.’

‘एवढी पिशवी भरलीय ती कशानं?’

केतकीने पिशवी उघडली आणि नारळ बाहेर काढला. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. ‘येडीच हाय ही,’ म्हणाल्या, पण आवाज खाली गेला होता. त्या आत गेल्या आणि आपलं धुवट नऊवारी, पोलकं आणि टॉवेल घेऊन आल्या.

न्हाऊन बाहेर आले तर पाटावर चहा आणि तांदळाची भाकरी, सोड्यांचं कालवण. मी हात मागे घेतला. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. मी तसं सांगितलं. पोटात कावळे ओरडत होते, अंगात कणकण होती, पण सांगितलं.

‘ते लगीन लावून देणाऱ्यांसाठी,’ विहीणबाई म्हणाल्या. ‘तुम्ही लगनाला हुतात कुठं? तुम्ही आज पाहुण्या. पाहुणी उपाशी जात न्हाय या घरातनं.’

मी बसले आणि जेवले. असलं झणझणीत, आंबटसर कालवण मी आयुष्यात खाल्लं नव्हतं, आणि आमच्या किहीमच्या गुळचट आमटीची मला पहिल्यांदा लाज वाटली. बाहेर कुणाला सांगू नका.

दुपारी ओटी भरली. विहीणबाईंच्या लुगड्यात बसून मी माझ्या लेकीची ओटी भरली. खण तिच्या पोटाशी ठेवताना तिने हळूच विचारलं, ‘बाबा?’ मी तांदूळ सावरत राहिले. ‘बाबांना ठाऊक नाही,’ म्हटलं. तिने मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळाने मात्र विचारलं, की त्यांचा खोकला कसा आहे, गोळ्या वेळेवर घेतात का, रात्री उशिरापर्यंत टीव्ही बघतात का. एकेक प्रश्न सुईसारखा. मला ह्यांचा इतका राग आला की समोर असते तर ओटीतला नारळ त्यांच्याच डोक्यात घातला असता.

संध्याकाळी मला ताप भरला. तन्मयला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, सकाळी मिनीबस बोर्लीवरूनच नेतो. विहीणबाईंनी माझे दोन्ही स्वेटर धुवून दोरीवर टाकले होते. पण रात्रीचं दंव! सकाळी ते जसेच्या तसे ओले. बाहेर गारठा. त्यांनी पेटीतून आपला स्वेटर काढला, हातचा विणलेला, तपकिरी, काठाला मेंदी रंग, कोपरावर रफू. माझ्या अंगावर चढवून गुंड्या लावल्या, पोराला लावतात तशा.

‘धुवून पाठवते,’ मी म्हटलं.

‘घाई न्हाय,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी न्यायला येणार न्हाय हां किहीमला. मला गाडी लागते.’

परत

घरी पोचले तर हे फाटकात उभे. सायकल माझ्या हातून घेतली, ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला, आणि मग स्वेटरकडे लक्ष गेलं.

‘हा कुठला?’

मिनीबसमध्ये मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. नीलिमाचा, असं सांगायचं होतं. पण आता कंटाळा आला. खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते. ‘बोर्लीचा,’ म्हटलं. ‘आपल्या विहीणबाईंचा. त्यांच्या हातचा.’

ह्यांनी सायकल विहिरीपाशी नेली आणि चाकं धूत बसले. इतकी धुतली की सायकलीला दया आली असेल. मी भात लावला, एकाचाच लावावा असा विचार केला, आणि तरी दोघांचा लावला. आता पुन्हा दोन दिवस उपास, हे गृहीत धरून मी स्वतःचं पान घेतलं.

हे आले. हात धुतले. पाटावर बसले. मी वाढलं. हे जेवले.

भात संपत आला तेव्हा पानाकडे बघतच म्हणाले, ‘लोकांची वस्तू किती दिवस ठेवून घ्यायची?’

‘धुते आणि देते पाठवून.’

‘पाठवून? पार्सलनं?’ आता कुठे आवाज चढला. ‘विहिणीची वस्तू पार्सलनं पाठवतात? आपल्याला काही रीत आहे की नाही?’

रीत म्हणे! वैशाखापासून हा माणूस तोंड शिवून बसलाय आणि मला रीत सांगतोय. ओठांवर आलं होतं, पण कधी नव्हे ते गिळलं. ‘मग तुम्ही सांगा काय करायचं. मला तर ताप आहे.’

ह्यांनी ताकाची वाटी उचलली, खाली ठेवली.

‘आणि नुसता कसा द्यायचा?’ हे भिंतीला म्हणाले. ‘सोबत काहीतरी नको?’ मग खाकरले. ‘पोरीला... काय खावंसं वाटतंय, काही बोलली का?’

‘आपल्याकडचा पांढरा कांदा,’ मी म्हटलं. ‘भाकरीबरोबर कच्चा. तिकडचा तिखट लागतो म्हणाली.’

हे उठले. हात धुवायच्या आधीच डाव्या हाताने फोन लावला. शेजारच्या वाडीतल्या दामूला, तो कांदा लावतो.

‘दामू, नवा कांदा निघाला का रे? ... निघाला? मग चांगली एक वेणी बांध, मोठी. नाही, दोन बांध. ... नाही रे, घरात कुणाला हवाय? केतकीकडे न्यायचाय.’